चिकट प्रेमवीरांबद्दल, मेलबर्नहून

ती. अण्णा आणि माई,



अण्णांचा खडा सवाल पोचला: पोरीच्या मागे हात धुऊन लागलेल्या वेड्याची गोष्ट, आणि तुम्ही ती हसत बघता? अण्णा, आमचं म्हणणं असं, की अशा माणसाची टर उडवलेलीच बरी. घात करतात ते त्याच्यामागे बासरी वाजवणारे गोड सिनेमे. २०१८ साली आलेल्या ‘यू’ मालिकेतला जो नावाचा नायक न्यूयॉर्कमध्ये पुस्तकांचं दुकान सांभाळतो. वाचणारा, मवाळ, माईच्या हिशेबाने अगदी चांगल्या वळणाचा. तो टोपी घालून एका मुलीच्या घरासमोर उभा राहतो, आत टक लावून बघतो आणि मनातल्या मनात तिलाच दोष देतो, की हिने खिडकीला पडदे का लावले नाहीत! टोपी घातली की आपण कुणाला दिसत नाही, ही त्याची समजूत डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची. त्याच्या मनातलं ऐकावं तर शुद्ध प्रेमपत्र, हातून घडतं ते सगळं फौजदारी. दोन्ही एकदम समोर आल्यामुळेच हसू फुटतं, आणि फुटता फुटता घशात अडकतं.

आता १९९३ चा ‘डर’ घ्या. छातीवर सुरीने किरणचं नाव कोरून घेणारा राहुल खलनायक आहे, हे यश चोप्रांनी लपवलं नव्हतं. पण गाणी आणि डोळ्यांतली तळमळ त्याच्या वाट्याला आली. प्रेक्षक तिच्या नौदलातल्या नवऱ्याला विसरले आणि ‘क-क-क किरण’ करत घरी गेले. अमेरिकेतल्या ‘देअर्स समथिंग अबाउट मेरी’त (१९९८) तर जुन्या ओळखीच्या मुलीमागे खासगी गुप्तहेर लावणाऱ्या टेडलाच शेवटी ती मिळते. का, तर बिचारा भोळा आहे! तिच्या मागावरचे बाकीचे सगळे तेवढे लफंगे.

सिनेमा बघून कुणी बिघडतं का, असं तुम्ही म्हणाल. २०१५ साली इथल्याच टास्मानियात, होबार्टच्या कोर्टात, दोन स्त्रियांचा पाठलाग केल्याबद्दल एका भारतीय सुरक्षारक्षकावर खटला चालला. वकिलाचा बचाव असा, की हिंदी सिनेमे पाहून वाढलेल्या या माणसाला चिकाटीने मागे लागणं म्हणजेच प्रेम वाटत होतं. मुंबईच्या समस्त नायकांना समन्स न काढताच साक्षीला उभं केलं म्हणा ना! चांगल्या वर्तणुकीच्या पाच वर्षांच्या अटीवर तो सुटला. सिनेमानेच बिघडवलं हे यातून सिद्ध होत नाही. वकील अशिलासाठी काय काय बोलतो, हे उभी हयात कोर्टात घालवलेल्या तुम्हाला काय सांगायचं? पण असा बचाव परक्या मुलखातल्या कोर्टापुढे मांडता येतो, एवढ्यावर तरी विचार करा. आणि पाठलागाला गुन्हा मानणं हे पाश्चात्त्यांचं खूळ म्हणाल, तर आपल्याकडेही २०१३ पासून दंड संहितेत ३५४-ड कलम होतं, आता न्याय संहितेत ७८ आहे. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही मागे लागणं हा गुन्हा.

मग ‘सौभद्र’ नाटकही मोडीत काढायचं का? मुळीच नाही. अर्जुन संन्याशाचं सोंग घेऊन यादवांच्या घरात शिरतो खरा, पण सुभद्रेचा जीव आधीपासून त्याच्यावरच जडलेला. त्या भगव्याला फसतो तो बलराम. रुक्मिणीने तर स्वतःच कृष्णाला पत्र धाडलं, म्हणजे लेखी संमतीच झाली. सोंग घ्या, चोरून निरोप धाडा, पळवूनही न्या, तिची ना नसेल तर आमची कशाला असेल?

आमच्या बाजूचं लंगडं कलमही सांगून टाकतो, नाहीतर उलटतपासणीत तुम्ही ते काढालच. त्या खुनी जोच्याही पुष्कळजणी प्रेमात पडल्या. शेवटी पेन बॅडग्ली या नटालाच चाहत्यांना समजवावं लागलं, की बायांनो, हा खुनी आहे. म्हणजे विनोदाचा एवढा काळा रंग चढवूनही देखणेपणाखाली तो पुसलाच गेला. आमची निर्मात्यांना एकच सूचना आहे: संवाद तेच ठेवा, टोपी तीच ठेवा, खाली नट मात्र पोट सुटलेला आणि टक्कल पडलेला घ्या. पहिल्याच भागात शेजारपाजारचे पोलिसांना फोन करतील आणि मालिका पाऊण तासात आटोपेल.

माईला साष्टांग नमस्कार. अण्णांचं प्रतिज्ञापत्र उलट टपाली यावं.

आपले,
मेलबर्नकर मंडळी