समिती नेमा, पण जपून!

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
बाजारपेठ, रस्ते व सार्वजनिक जागा सल्लागार समिती (नियोजित),
मु. पो. नरडाणा, ता. शिंदखेडा, जि. धुळे.

विषय : समिती स्थापन होण्यापूर्वीच तिचे आभार मानण्याबाबत.
संदर्भ : पारावरची चर्चा, टपरीवरची चर्चा आणि पुन्हा पारावरची चर्चा.

आदरणीय भाऊ, आप्पा, नाना, आबा, तात्या आणि (एखादी घ्यावीच लागली तर) ताई,



गावची पेठ, एसटी थांबा आणि स्टेशनकडचा रस्ता सुधारायचा तर सल्लागार समिती हवी, यावर सगळ्यांचं एकमत झालं आहे. आपल्याकडे एकमत झालं म्हणजे खर्च कोणी काढलेला नाही, असं समजायचं. समिती अजून झालेली नाही. तरी अभिनंदनाचा फलक आधीच छापून ठेवा. फोटो कोणाचा मोठा आणि कोणाचा गोल चौकटीत, यावरच पहिल्या दोन बैठका जातात. तेवढा वेळ वाचेल. फलक लावायला जागाही ठरलेली आहे : जिथून वळणारी गाडी दिसते, नेमकी तिथे.

नरडाण्याला कोणी कमी लेखू नये. मुंबई-आग्रा महामार्ग आपला, सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन आपलं, एमआयडीसी आपली. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या आराखड्यात 'धुळे-नरडाणा' असं जोडनाव छापून आलं. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गातला बोरविहीर-नरडाणा हा टप्पाही आपलाच. त्या 309 किलोमीटरच्या मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च 18,036 कोटी रुपये. म्हणजे दिल्लीचा माल मुंबईला आणि मनमाडचा माणूस इंदूरला कसा जाईल, याचा विचार मोठ्या लोकांनी करून ठेवला आहे. थांब्यावर उतरलेली म्हातारी चिखलात न पडता बाजारात कशी जाईल, एवढा किरकोळ मुद्दा उरला. तो तुमच्याकडे आला आहे. कठीण प्रश्न दिल्लीने घेतले, सोपा तुम्हाला ठेवला. त्यामुळे तो सुटणार नाही याची पुरेपूर काळजी घ्यावी लागेल. त्यासाठीच या काही नम्र सूचना.

पहिली सूचना सदस्यांच्या निवडीबद्दल. रस्त्याने पायी चालणारा माणूस समितीत चुकूनही घेऊ नका. त्याचं खड्ड्यांशी जुनं वैर असतं, तो निःपक्षपाती राहूच शकत नाही. ज्यांची चारचाकी ओट्याला लागते आणि जे दुकानदाराला काचेतूनच हाक मारतात, त्यांना रस्ता साफ दिसतो. एक ठेकेदार मात्र हवाच. काम कसं करायचं नसतं, हे जाणणारा माणूस जवळ असलेला बरा.

आणि मुख्य म्हणजे, थांब्याजवळ गोणपाट टाकून बसणारी ती पेरूवाली आजी. तिला तर बैठकीच्या आसपासही फिरकू देऊ नका. मी तिला रोज बघतो. सकाळी ती समोरच्या भिंतीच्या सावलीला असते, ऊन चढलं की निंबाखाली सरकते आणि अंधार पडला की जो एक दिवा लागतो त्याच्याखाली येते. गाडीचा हॉर्न ऐकून ती मान वर करत नाही. एसटी असेल तर टोपली हातभर मागे, छोटा हत्ती असेल तर वीतभर, आणि कापसाची ट्रॉली असेल तर टोपली उचलून ती स्वतःच उभी राहते. कुठली गाडी किती जागा खाते, सावली कुठे पडते, पावसाचं पाणी कुठून घुसतं आणि शाळा सुटल्यावर सायकलवाल्या पोरी कुठे अडतात, याचा तिचा अभ्यास दांडगा आहे. मी एकदा म्हटलं, "आजी, समितीत तुमचं नाव सुचवू का?" ती हसली. "आमले कोन इचारस, भाऊ?" म्हणाली आणि तराजूत एक पेरू जास्तीचा टाकला. ही वृत्ती टिकली पाहिजे. उद्या तिला कोणी खरंच विचारलं, तर तुम्ही महिनाभर चालवणार असलेलं सर्वेक्षण ती पेरू विकता विकता तोंडी सांगून मोकळी होईल.

दुसरी सूचना कायद्यापासून सावध राहण्याची. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात शहरांसाठी नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे आणि तिच्यात किमान 40 टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यातल्या एक तृतीयांश बाया असाव्यात, असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे जिला उठवायचं, तिलाच विचारायचं! नशीब, हा कायदा शहरांचा आहे आणि आपण ग्रामपंचायतवाले. पण फार खूश होऊ नका. आपल्या ग्रामपंचायत कायद्यातलं कलम 49 तितकंच खोडसाळ आहे. ग्रामसभेने ठरवलं तर ग्रामविकास समिती नेमता येते, 12 ते 24 सदस्यांची, आणि त्यात निम्म्या बाया. रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण हटवण्याचा अधिकार पंचायतीला कलम 53 देतं. म्हणजे समितीही कायद्यात आहे आणि अधिकारही कायद्यात आहे. तुमची 'सल्लागार' समिती नेमण्यामागचं खरं शहाणपण इथेच दिसतं. सल्ला कोणी ऐकला नाही तर दोष ऐकणाऱ्याचा, आणि ऐकला तर फलक आपला.

समित्यांची आपल्याला सवय आहेच. तंटामुक्ती समिती आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे, पाणीपुरवठ्याची आहे, आरोग्य-पोषणाची आहे. बहुतेकींत तीच माणसं असतात, त्यामुळे एका बैठकीचा चहा दुसरीलाही पुरतो. नव्या समितीने ही परंपरा मोडू नये.

तिसरी सूचना इतिहासाबद्दल. बैठकीत कोणीतरी शिकलेला माणूस हमखास फड पद्धतीचं नाव काढेल. त्याला तिथल्या तिथे गप्प करा. पांझरेच्या काठी शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं बंधाऱ्याचं पाणी स्वतः वाटून घेतलं. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडले, कोणत्या फडात कोणतं पीक ते एकत्र बसून ठरवलं, पाणी सोडायला पाटकरी ठेवला, राखणीला जागल्या ठेवला आणि त्यांची मजुरीही आपल्यातूनच दिली. भांडणं झाली असतील, पण पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचवायची सोय त्यांनी केली होती. हे फार वाईट उदाहरण आहे. ज्याच्या शेताला पाणी हवं तोच पंच, ही कल्पना एकदा पेठेत शिरली, तर ज्याला रस्ता हवा तोच सदस्य, असं लोक म्हणू लागतील. मग लोटगाडीवाले आठवड्याला दहा-दहा रुपये काढून झाडूवाला ठेवतील, दुकानदार आपसांत ठरवून गटारीच्या ढाप्यावरचा माल आत घेतील, आणि कालीपिलीवाले नंबर लावून एकाच बाजूला उभे राहतील. मग समितीने करायचं काय?

धुळ्याचं नावही काढू देऊ नका. इंग्रज कॅप्टन ब्रिग्जने 1819 च्या सुमारास तिथे मुख्य ठाणं केलं, नवी वस्ती आखली, आणि आज धुळेकर पत्त्यात गल्लीचा आकडा लिहितात. आखलेली गल्ली शहराला दोनशे वर्षं पुरते, हे लोकांना कळलं तर आपल्या पाच वर्षांच्या पेव्हर ब्लॉकला कोण विचारणार? त्यापेक्षा धुळ्याच्या आग्रा रोडचं उदाहरण द्यावं. हातगाड्या उठवायच्या, दुसऱ्या दिवशी त्या परत येतात, पुन्हा उठवायच्या. व्यायाम दोन्ही बाजूंना होतो आणि बसायची जागा कोणी आखून देत नाही.

चौथी सूचना अभ्यास दौऱ्याची. दौरा इंदूरला काढा. महामार्ग दारातून जातो, सकाळी निघालं की दुपारपर्यंत पोहोचता. 2017 पासून अनेक वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून त्याचा नंबर लागला, तेव्हा दौऱ्याला कोणी नावं ठेवणार नाही. छप्पन दुकानात पोहे-जिलबी खा, सराफ्यात रात्र काढा, फोटो काढा आणि परत या. फक्त एक पथ्य पाळा : तिथे कोणाला काही विचारू नका. नाहीतर कोणीतरी सांगायचं, की छप्पन दुकानाचा रस्ता 2020 साली 56 दिवसांत नव्याने बांधला, तिथे गाड्या बंद केल्या आणि गाड्या बंद करूनही दुकानं बंद पडली नाहीत. ही माहिती नरडाण्यात आली तर आपला जुना सिद्धांत कोसळेल. दुकानाच्या पायरीला मोटरसायकल लागली नाही तर गिऱ्हाईक येत नाही, हा तो सिद्धांत. दारात लागलेल्या चार मोटरसायकलींपैकी तीन दुकानदाराच्या घरच्याच असतात, ही गोष्ट वेगळी.

पाचवी सूचना प्रत्यक्ष कामाची, म्हणजे जे दिसतं त्याची. सर्वांत आधी 'आय लव्ह नरडाणा' अशी मोठ्ठाली अक्षरं. रात्री ती पेटली पाहिजेत. रस्त्यावर उजेड नसला तर ती जास्त उठून दिसतात. मग कमान. मग हायमास्ट, ज्याचं बिल थकलं की तो आपोआप वीज वाचवतो. मग सिमेंटचे बाक, ज्यांच्या पाठीवर 'यांच्या निधीतून' एवढ्या ठळक अक्षरांत असेल की टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्यावर नाव उमटावं. बाक उन्हात ठेवा, म्हणजे ते नवे राहतील. झाडं लावायचीच असतील तर शोभेची लावा. निंबाखाली माणसं बसतात.

पदपथाचा विषय निघाला तर हसून न्या. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, पायी चालणाऱ्यासाठी किमान 1.8 मीटरची मोकळी वाट हवी. दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतील एवढी! आपल्याकडे दोन माणसं शेजारी चालली की लोक आधी नातं विचारतात. इतकी रुंदी देऊन भलते प्रश्न कशाला ओढवून घ्यायचे? त्यापेक्षा गटारीवर ढापे टाका आणि त्यालाच पदपथ म्हणा. मधला एक ढापा कायम उचललेला असावा, म्हणजे चालणारा सावध राहतो.

आणि मुतारी? हा शब्द इतिवृत्तात येऊ देऊ नका. पुरुषांनी भिंत शोधून आपला प्रश्न केव्हाच सोडवला आहे. बाजारात दिवसभर बसणाऱ्या बाया घरून निघताना पाणीच पीत नाहीत, भर उन्हाळ्यातसुद्धा. इतकी स्वावलंबी व्यवस्था उभी असताना खर्च कशाला? पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीच्या पैशातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता, ही आठवण मात्र बैठकीत कोणी काढू नये. त्या बंधित पैशातून पेटणारी अक्षरं बसत नाहीत, हा त्या आयोगाचा दोष.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना ग्रामसभेबद्दल. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर, या चार तारखा आपल्याला झेंडा, जिलबी आणि सुट्टीसाठी पाठ आहेत. त्या ग्रामसभेच्याही आहेत, हे फारसं आठवत नाही. ते तसंच राहू द्या. धोका आदल्या दिवशीपासूनच सुरू होतो, कारण ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे सेल्फी पॉइंट कोणी मागत नाही. तिथे दिवा, संडास, सावली आणि बसथांब्याला शेड एवढंच मागतात, आणि कामाचा दर्जा बघायला स्वतः येतात.

मुख्य सभेची काळजी मात्र फारशी नको. कोरम लागतो मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. मग चार खुर्च्या, एक रजिस्टर आणि पंख्याचा आवाज एवढ्यावर गावाचं भवितव्य ठरवता येतं. तुमच्या समितीचं यश असं सर्वस्वी आमच्यावर, म्हणजे आमच्या न येण्यावर अवलंबून आहे. आजवर आम्ही ही जबाबदारी चोख पार पाडली. सभेच्या वेळी आम्ही टपरीवर बसलो आणि रस्ता कसा असावा यावर तुमच्याहून जास्त सल्ला दिला, तोही मानधन न घेता.

यंदा मात्र थोडा घोटाळा झाला आहे. पेरूवाल्या आजीला कोणीतरी सांगून टाकलं, की ग्रामसभेत बोलायला समितीत असावं लागत नाही, मतदार यादीत नाव असलं की पुरे. तिचं नाव यादीत आहे. लोटगाडीवाल्यांची आहेत, हमालांची आहेत, आणि सायकलवाल्या पोरींच्या आयांचीही आहेत. 2 ऑक्टोबरला तासभर धंदा बंद ठेवून यायचं, असं त्यांच्यात चाललं आहे. कलम 49 चा ठराव कसा लिहायचा, हेही कोणीतरी त्यांना कागदावर काढून दिलं म्हणतात. माझ्या अक्षरासारखं अक्षर आहे, असं ऐकतो. त्याला माझा इलाज नाही.

तेव्हा समिती नेमायची ती लवकर नेमा. शंभर माणसं आली, तर सभा तहकूब करता येणार नाही.

कळावे, लोभ आहेच, रस्ता झाल्यास वाढेल.

आपला नम्र,
नरडाण्याचा एक पायी चालणारा मतदार

प्रत माहितीसाठी :
1. ज्याच्या फोटोला गोल चौकट मिळणार आहे, तो.
2. मधला उचललेला ढापा (जागेवरच पोच द्यावी).
3. पेरूवाली आजी (वाचून दाखवण्यात येईल).