वजनदार

अप्पांच्या धंद्यात माल किलोवर विकला जातो. भोसरीला त्यांची फाउंड्री आहे आणि तिथून निघणारं प्रत्येक कास्टिंग आधी काट्यावर चढतं, मग टेंपोत. त्यामुळे वस्तू चांगली की वाईट हे ठरवायची त्यांची रीत सोपी आहे. उचलून बघायची. कढई जड लागली, चांगली. लग्नपत्रिका जड लागली, मंडळी चांगली. हॉटेलातला चमचा हलका निघाला तर अप्पा तिथली भाजीदेखील संशयाने खातात. आणि माणसाबद्दल त्यांच्या तोंडून निघणारं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र म्हणजे, "वजन आहे हो त्यांचं."

तेव्हा साठीला टेकताना त्यांनी गाडी घेतली ती २,४३५ किलोंची घेतली. जर्मन बनावटीची, चार दारांची, आठ सिलिंडरच्या इंजिनाला विजेच्या मोटरची जोड, सगळे मिळून ७२७ घोडे. सोसायटीत जो कोणी चौकशी करील त्याला अप्पा एकच परीक्षा द्यायला लावत. "दार लावून बघा." दार धप्प करून बसायचं, तिजोरीसारखं. "आला ना आवाज? वजन!" शेजारी म्हणून मी ही परीक्षा चारदा दिली. चारही वेळा पास झालो.

असे अप्पा पुण्यात एकटे नाहीत. रविवारी पहाटे एक्सप्रेस वेवरच्या फूड मॉलवर गेलात तर दहा-बारा सापडतील. बॉनेट उघडी, हातात वडापाव, तोंडात न्यूटन-मीटर. मुलांचे मार्क सांगायचं वय उलटलं, मुलं परदेशी गेली, मग सांगायला आकडे उरतात ते गाडीचे. आणि सगळ्यांची तक्रार एकच: "गाडी आहे हो, पण रस्ता कुठाय?" तक्रार खोटी नाही. अप्पांची गाडी साडेतीन सेकंदांत शंभर गाठते आणि कर्वे रस्त्यावर तिला एक सिग्नल गाठायला सात मिनिटं लागतात. एक्सप्रेस वेवर सपाटीला मर्यादा शंभरची, घाटात साठची, वर कमानीवर कॅमेरे. एकदा खोपोलीहून परतताना चलन मोबाइलवर आधी पोचलं आणि अप्पा घरी नंतर. चलन वहिनींच्या मोबाइलवर आलं होतं, कारण कर वाचवायला गाडी त्यांच्या नावावर.

"मास्तर, हिला ट्रॅकवर न्यायची," अप्पांनी जाहीर केलं. मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. अप्पा म्हणतात, मास्तर सोबत असले की गाडीला शास्त्राचा आधार असतो.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट त्यांना जास्त आवडलं असतं. २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती तिथे झाल्या आणि तिन्ही वेट्टेलने मारल्या, हे ते स्वतः हजर असल्यासारखे सांगतात. पण तारीख जमली ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईची. शोलावरमच्या जुन्या विमानधावपट्टीवर शर्यती भरवणाऱ्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने नंतर हा खास ट्रॅक बांधला. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. गंमत म्हणजे आपल्या वारज्यावरून जो हायवे जातो तोच सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट या ट्रॅकच्या दारावरून पुढे चेन्नईला जातो. म्हणजे वारज्याला एकदा डावी-उजवीकडे न बघता निघालं की पोचलोच. मध्ये साडेअकराशे किलोमीटर तेवढे आहेत.

सकाळी साडेसातला तपासणी. नियम असा की गाडीत एकही सुटी वस्तू नको; ब्रेक लागला की ती गोळीसारखी सुटते. तपासणाऱ्या माणसाने बोट दाखवलं की अप्पा एकेक वस्तू काढून बाहेर ठेवत होते. टिश्यूचा डबा. अत्तराची बाटली. मानेखालच्या चार उशा. वहिनींची छत्री, आणि वहिनींची हरवलेली दुसरी छत्री. चिवड्याचा अर्धा पुडा. पंढरपूरचा बुक्का. एक चप्पल, डावी. दहा मिनिटांत गाडीशेजारी जुना बाजार भरला. शेवटी डॅशबोर्डवरचा गणपती. तो चिकटवलेला निघाला. तपासणाऱ्याने हलवून पाहिला, हात जोडले आणि गाडी पास केली. बॉनेटला लावलेली लिंबू-मिरची मात्र काढायला लावली.

मग एका कागदावर सह्या. जे होईल ते आपापल्या जबाबदारीवर. वाहन विमा शर्यतीला आणि वेगाच्या चाचण्यांना लागू होत नाही, हे मी अप्पांच्या कानाशी लागून सांगितलं. "मास्तर, शुभ बोला," म्हणून त्यांनी सही ठोकली. नंतर झेंड्यांचा वर्ग झाला. पिवळा म्हणजे पुढे भानगड, तांबडा म्हणजे सगळे परत या, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आहे, तिला वाट द्या. ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर, तोही पुढच्याने हाताने खूण केल्यावर. अप्पा झेंड्यांच्या वेळी दुपारच्या जेवणाचं विचारत होते.

पहिल्या फेरीला शेजारी शिकवणारा बसला. चोवीस-पंचवीसचा, काडीसारखा तमिळ पोरगा. सगळं मिळून त्याच्याकडे तीन वाक्यं होती. "अर्ली ब्रेक, सर." "वेट, सर." "सॉफ्ट हँड्स, सर." अप्पा परतले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता आणि पोराचा पिवळा पडला होता. पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "व्हेरी स्ट्राँग सर." गाडीबद्दल की अप्पांबद्दल, कळलं नाही.

दुसऱ्या फेरीला मी. हेल्मेट घालताना चष्मा काढावा लागतो आणि चष्मा लावायला हेल्मेट काढावं लागतं, या गाठीत पाच मिनिटं गेली. पिटमधून बाहेर पडून अप्पांनी पाय दाबला आणि माझं पोट पाठीला चिकटलं. खोटं का बोला, त्या सरळ रस्त्यावर मला तारुण्य आठवलं. मग सरळ संपली. अप्पांनी ब्रेक मारला, पट्ट्याने मला मिठी मारली, आणि वळण आलं. अप्पांनी स्टिअरिंग वळवलं. गाडी सरळ निघाली.

वर्गात मी हे तीस वर्षं फळ्यावर काढत आलो आहे, पण आत बसून पाहिलं नव्हतं. चालत्या वस्तूला सरळच जायचं असतं. तिला वळवायचं काम टायरचं. आणि एक टायर रस्त्याला टेकतो किती, तर साधारण तळहाताएवढा. बरं, वजन दुप्पट झालं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. पंगतीत एका वाढप्याच्या हाती दोन बादल्या दिल्या म्हणून वाढप दुप्पट होत नाही, तसंच. अशा वेळी पाय सैल सोडून पुढच्या चाकांना जमीन धरू द्यायची, म्हणजे पोराचं "वेट, सर". अप्पांनी ते भोसरीच्या भाषेत घेतलं. ऐकत नाही? अजून पिळा! टायर किंचाळले, गाडी रुसल्यासारखी नाकाने बाहेर सरकत राहिली आणि आम्ही कसेबसे कडेच्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यावरून परत आलो. "बघितलंत?" अप्पा म्हणाले, "कशी धरून ठेवली!"

तेवढ्यात मागे ती दिसली. पांढरी, जुनी मारुती एस्टीम. तेराशे सीसी, नवी होती तेव्हा पंचाऐंशी घोडे. एक डोळा टेपने बंद केलेला. वळणावर ती आमच्या डिकीला येऊन चिकटायची, इतकी की आरशात चालवणाऱ्याच्या हेल्मेटवरचा ओरखडा दिसावा. सरळ लागली की अप्पा पाय दाबत आणि ती ठिपका होई. पुढचं वळण, पुन्हा डिकीला हजर. हे दीड लॅप चाललं. एका कोपऱ्यावर मार्शलने निळा झेंडा हलवला. अप्पांनी खिडकीतून हात हलवून त्याला नमस्कार केला. "ओळखायला लागले."

"अप्पा, वाट द्या म्हणतोय तो. मागच्याला."

"एस्टीमला?"

त्या एका शब्दात जे होतं ते पुणेकराला समजावून सांगावं लागणार नाही. साइड देणं ही आपल्याकडे वाहतुकीची बाब नाही, घराण्याची आहे. अप्पांनी आजवर रिक्षा, पीएमटी, लग्नाची वरात आणि एकदा आमदाराचा ताफा यांपैकी कोणालाही साइड दिलेली नाही.

मी हिशेब करू लागलो. भीती वाटली की मी हिशेब करतो. आम्ही दोघं धरून सव्वीसशे किलो. दोनशेच्या वेगावरून ऐंशीवर यायचं, तर ब्रेकना जी उष्णता गिळावी लागते तिच्यात नळाचं दहा लिटर पाणी खळखळून उकळेल. म्हणजे शंभर कटिंग चहा. एका वळणाला! एका लॅपमध्ये साखरपुड्याची सोय. यातला काही भाग बॅटरीत परत जातो म्हणतात, पण आत येणाऱ्या वासावरून तो फार नसावा. कढईत मसाला करपतो ना, तसा वास.

"अप्पा, ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?"

"नवी आहे हो गाडी. दोन वर्षांत सहा हजार किलोमीटर. कशाला बदलू?"

ब्रेक ऑइल किलोमीटर मोजत नाही. ते मिठासारखं आहे, उभ्या उभ्या हवेतला ओलावा ओढतं. साधं डॉट फोर कोरं असताना २३० अंशांपर्यंत तग धरतं; पुरेसं पाणी प्यायलं की ही हद्द १५५ पर्यंत खाली येते. मग ते नळीत उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. चाकं राहतात बाजूला, पाय नुसता वाफ दाबत बसतो. अप्पा रोज चौदाशे अंशांचं लोखंड ओततात. त्यांना हे दोनशे अंश क्षुल्लक वाटले.

चौथ्या लॅपला सरळ संपली तेव्हा अप्पांनी पाय दाबला आणि काहीच बोलले नाहीत. अप्पा बोलले नाहीत म्हणून मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पेडल जमिनीला लागलं होतं. अप्पांनी दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, हवा भरतात तसं. वेग उतरला, पण वळणापुरता नाही. डांबर संपलं, गवत आलं, गवत संपलं, खडी आली, आणि ती ७२७ घोड्यांची गाडी खडीत पोटापर्यंत जाऊन बसली. धुरळा खाली बसला. शेजारून एस्टीम निघून गेली. शेवटी अप्पांनी साइड दिली. पूर्ण दिली.

तांबडा झेंडा लागला. आम्हाला ओढायला ट्रॅक्टर आला, जेमतेम पंचेचाळीस घोड्यांचा. ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधला, गाडीकडे पाहिलं, परत जाऊन जाड दोर आणला. सातशे सत्तावीस घोडे मागे, पंचेचाळीस पुढे, अशी आमची मिरवणूक पिटमध्ये आली. अप्पांनी हेल्मेट काढलं नाही. काच पण उघडली नाही.

सावलीत मेकॅनिकने नवं तेल भरायला घेतलं. एक पोरगा चाकाशी नळी आणि बाटली घेऊन बसला, पेडलवर अप्पा. "दाबा सर. धरा सर. सोडा सर." दाबा, धरा, सोडा. नळीतून आधी बुडबुडे आले, मग चहाच्या रंगाचं तेल, मग हळूहळू स्वच्छ. चाळीस मिनिटं. दिवसभरात अप्पांनी सांगितलेलं ऐकलं ते एवढंच.

एस्टीमवाला भेटायला आला. मिसरूड फुटलेला पोरगा, कोइमतूरचा. त्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि म्हणाला, "नाइस कार, सर. हेवी."

अप्पा खुलले. "बघा मास्तर, पोराला कळतं."

मी काही बोललो नाही. पोराने त्यांना आपल्या गाडीत चक्कर मारायला नेलं. पंधरा मिनिटांनी परतले तेव्हा अप्पांनी न मागता दहीभात घेतला आणि खाली बघून संपवला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आत काहीच नाही हो. मागे सीट नाही. गालिचा नाही. दाराला आतून पत्रा." पुन्हा घास. "दार लावून पाहिलं मी. पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं." पुन्हा घास. "तिसऱ्या वळणाला त्याने ब्रेकच मारला नाही, मास्तर."

पुण्यात हकिगत निराळी रुजू झाली. टायर थंड होते. ट्रॅकवर कोणीतरी तेल सांडलं होतं. ऊन डोळ्यांवर होतं. ट्रॅक्टरचा उल्लेख नाही. सोसायटीच्या गच्चीवर कोणी म्हणालं, "अप्पा, हवा होती म्हणे तुमची," तर अप्पा म्हणाले, "वजन होतं." पण नेहमीच्या जोरात नाही.

परवा पार्किंगमध्ये पाहतो तर जर्मन गाडी बाहेर रस्त्यावर उन्हात, आणि तिच्या जागी एक एस्टीम. २००४ची, रंग उडालेली. अप्पा बनियनवर, हातात पाना, मागची सीट अर्धी बाहेर. शेजारी फाउंड्रीतला काटा आणून ठेवलेला. काढलेली प्रत्येक वस्तू काट्यावर चढत होती आणि अप्पा वहीत उतरवत होते. वहिनी वरून वाकून विचारत होत्या, "आणि मी कुठे बसायचं?"

"जर्मन आहे ना बाहेर, ती घे," अप्पांनी रस्त्याकडे पाना दाखवला आणि माझ्या हातात नारळ ठेवला. "फोडा मास्तर. पण जरा लांब फोडा, पाणी आत जायला नको. अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो."