झाडूचा परवाना

परदेशी वर्षभर मुक्काम करावयास निघालेल्या मनुष्यास आप्तेष्ट जे उपदेश करतात, ते थंडी, अन्न आणि पासपोर्ट या तीन विषयांच्या पलीकडे सहसा जात नाहीत. त्यामुळे लोकरीचे कपडे, मेतकुटाचे डबे आणि कागदपत्रांच्या साक्षांकित नकला यांनी सुसज्ज होऊन तो जेव्हा जर्मनीच्या नैर्ऋत्येस टेकड्यांच्या वेढ्यात वसलेल्या श्टुटगार्ट नगरीत उतरतो, तेव्हा पुढील बारा महिने आपण कोणत्या सत्तेच्या अंमलाखाली काढणार आहोत, याची त्या बिचाऱ्यास सुतराम कल्पना नसते. ही सत्ता सरकारची नव्हे. नव्या घरी राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, घरमालकाचा दाखला जोडून, आपल्या पत्त्याची नोंद करावी एवढीच सरकारची अपेक्षा होती, आणि ती पुरी होताच कचेरीतील बाईंनी शिक्का मारून मला मोकळे केले. खरी सत्ता होती एका वीतभर लाकडी पाटीची. एका सोमवारी सकाळी ती माझ्या दाराच्या मुठीला लटकत होती आणि तिच्यावर एकच शब्द होता : केरवोखे.

केरवोखे म्हणजे सफाईचा आठवडा. ज्याच्या दारावर पाटी, त्याच्या हाती त्या आठवड्याचा झाडू, असा या स्वाबियन मुलखाचा शिरस्ता आहे. त्यातही धाकटी आणि थोरली असे दोन भेद असून, धाकटीत आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडून ओल्या फडक्याने पुसणे, कठडा व जिन्याच्या खिडक्या लख्ख करणे एवढे मोडते. थोरलीत तळघराच्या पायऱ्या, कचऱ्याच्या पिंपांची जागा, अंगण आणि घरासमोरचा पदपथ येतो. आमच्या इमारतीत बर्फ काढण्याची जबाबदारीही थोरल्या पाटीबरोबरच फिरत असे. कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत पदपथ मोकळा झालेला असावा लागतो, आणि एखादा पादचारी घसरून पडलाच, तर त्या दिवशी पाटी कोणाच्या दारावर होती हा प्रश्न वकिलापर्यंत जाऊ शकतो. पाटी शेजाऱ्याच्या दारावर अडकवून आपण सुटलो असे मानण्याचे कारण नाही. ती फिरत फिरत परत येते.

या कायद्याच्या अंमलबजावणीचे काम तळमजल्यावरील एका आजीबाईंकडे होते. त्यांची नेमणूक कोणी केली, हे विचारण्याचे धैर्य इमारतीत कोणालाही नव्हते. मी जिना पुसू लागलो की त्यांचे दार चार बोटे उघडे राही, आणि पुसून झाले की ते मिटे. त्या स्वतः जिना पुसत तेव्हा बादली प्रत्येक पायरीवर आपटून ठेवीत, कारण झालेले काम जर शेजाऱ्यांच्या कानी गेले नाही तर ते झाले याला पुरावा काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यांनी माझ्या कामाची कधी स्तुती केली नाही. मात्र इकडच्या लोकांत अशी एक म्हण आहे की, रागावले नाही म्हणजे पुरेशी स्तुती झाली. त्या हिशेबाने मार्च महिन्यापासून माझ्यावर स्तुतिसुमनांचा वर्षाव होत होता.

या प्रथेचे मूळ शोधू जाता मी थेट 1492 सालापर्यंत पोहोचलो. त्या वर्षी येथील सत्ताधीश, दाढीवाला म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेला काउंट एबरहार्ट, याच्या राजवटीत शहराचे जे नियम झाले त्यांत, नगर स्वच्छ राहावे म्हणून प्रत्येकाने आपल्या घरचा उकिरडा दर आठवड्यास बाहेर नेऊन टाकावा, असे फर्मान आहे. याच वर्षी कोलंबस हिंदुस्थान शोधण्यासाठी गलबते घेऊन निघाला आणि भलतीकडेच जाऊन धडकला. पाच शतकांनंतर एक हिंदी मनुष्य आपण होऊन युरोपात दाखल झाला, तर एबरहार्टने त्याच्या हाती झाडू दिला. पुढे 1988 साली नगरपालिकेने दर आठवड्याची ही सक्ती उठवली. त्या वेळचे महापौर मानफ्रेड रोमेल हे विख्यात फील्डमार्शल रोमेल यांचे चिरंजीव. परंतु ज्या घराण्याने आफ्रिकेचे वाळवंट तुडवले, त्यालाही श्टुटगार्टच्या जिन्यावर माघार घ्यावी लागली असेच म्हटले पाहिजे, कारण कायद्याच्या पुस्तकातून निघालेली केरवोखे घरभाड्याच्या करारनाम्यात जाऊन बसली आणि आजतागायत तेथून हललेली नाही.

सर्वांत विस्मयाची गोष्ट ही की झाडण्यासारखे तेथे काही नसते. मागच्या शनिवारी झाडलेल्या, त्याच्या मागच्या शनिवारीही झाडलेल्या पदपथावर मॅपलचे एखादे पान पडलेले असते, तेवढेच. हेगेल हा तत्त्ववेत्ता 1770 साली याच शहरात जन्मला, हे कळल्यावर मला त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या त्या त्रिपदी सिद्धांताचा उगम ध्यानात आला : पान पडणे हा वाद, झाडू हा प्रतिवाद, आणि दोहोंचा समन्वय पुढल्या शनिवारी. रविवारी मात्र नव्हे. रविवारी दुकाने बंद, भोके पाडणारी यंत्रे बंद, रिकाम्या बाटल्या काचेच्या पिंपात टाकणेही बंद, आणि त्या दिवशी झाडूचा आवाज येणे हे शनिवारी न येण्याइतकेच निंद्य मानले जाते.

मग ही माणसे स्वच्छ जमीन झाडतात कशासाठी? याचा उलगडा मला मे महिन्याच्या सुमारास झाला. दादरच्या संस्कारांत वाढलेला मी, संध्याकाळी जेवणापूर्वी हात पाठीशी बांधून फाटकाशी उभा राहत असे. येणारा-जाणारा प्रत्येक जण दृष्टी टाळून निघून जाई, आणि एका सद्गृहस्थांनी तर अत्यंत विनयाने, आपण कोणाला शोधत आहात काय, अशी चौकशी केली. पण त्याच जागी, त्याच वेळी, हातात लांब दांड्याचा झाडू घेऊन मी उभा राहिलो की तीच माणसे थांबत, "ग्रूस गॉट" म्हणत आणि पाऊण तास बोलत. रिकामा उभा असलेला मनुष्य येथे संशयास पात्र ठरतो. झाडू घेऊन उभा असलेला मनुष्य कामात असतो, आणि कामात असलेल्या मनुष्याशी गप्पा मारण्यात कोणताही दोष नाही. स्वाबियन माणूस उद्योगी, हे जगजाहीर आहे. परंतु त्यालाही निंदा, कुचाळकी आणि हवापाण्याची चर्चा यांची भूक असते, आणि ती भागवण्याचा रीतसर परवाना म्हणजे हा झाडू.

त्या परवान्यावर मी किती ज्ञान संपादन केले! बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयॉनेज घालणारे लोक उत्तरेकडचे व अधःपतित असतात, त्यात कढत सूपच घालावयाचे असते, हे मला समजले. शहरात चारशेहून अधिक जिनेवजा वाटा आहेत आणि त्यांपैकी कोणती वाट द्राक्षमळ्यातून जाते, हेही समजले. 2010 साली खणावयास घेतलेले, 2019 पर्यंत पुरे व्हावयाचे आणि मग वायद्यावर वायदे टाकत गेलेले भुयारी रेल्वे स्थानक हा तर नित्याचा विषय. एक पान खपवून न घेणारे हे नागरिक शहराच्या मध्यभागी एवढा प्रचंड खड्डा इतकी वर्षे कसा सोसतात, असे मी एकदा विचारले. त्यावर, त्या खड्ड्याची पाटी कोणाच्या दारावर आहे तेच ठरत नाही, असे उत्तर मिळाले.

हळूहळू मला चटक लागली. दुसऱ्या मजल्यावरील विद्यार्थ्यास झाडण्याचा मनस्वी कंटाळा. त्याची पाळी मी मागून घेऊ लागलो. आजीबाईंच्या नजरेतून हे सुटले नाही.

"तो तुम्हांला पैसे देतो का?" त्यांनी विचारले.

"छे, छे! मी हौसेने करतो," मी म्हणालो.

"मग घ्यायला हवेत," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांना माझी खरोखर काळजी वाटू लागली.

मी मुंबईचा, हे कळल्यावर त्यांना समाधान वाटले, कारण 1968 पासून मुंबई ही श्टुटगार्टची भगिनीनगरी आहे. तुमच्याकडे केरवोखे असते का, या प्रश्नावर मी आमच्या चाळीतील सार्वजनिक नळाची वर्दी दिली : पहाटेचे पाणी, हंड्यांची रांग, पाळी मोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्यांनी ते सारे एकाग्र चित्ताने ऐकून घेतले. "म्हणजे तुमच्याकडे शिस्त आहे," असा निर्वाळा त्यांनी दिला.

वर्ष संपत आले तेव्हा माझी जागा पाहण्यासाठी हाम्बुर्गहून एक तरुण जर्मन आला. दारावरची पाटी पाहून तो हसला आणि हे अजून चालते का, याला कायद्याचा काही आधार आहे का, असे विचारू लागला. आजीबाईंनी बोट माझ्याकडे केले. मी त्याला एबरहार्टपासून रोमेलपर्यंतची परंपरा, करारनाम्यातील कलम, धाकटी, थोरली, ओले फडके, सारे काही माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये यथासांग निवेदन केले.

"आणि बर्फ?" त्याने खालच्या आवाजात विचारले.

"सातच्या आत!" आजीबाई आणि मी एकदमच म्हणालो.

तो विचार करून कळवतो म्हणाला आणि निघून गेला. आजीबाई त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिल्या, आणि मग मला विश्वासात घेऊन म्हणाल्या, "परक्या मुलखातली माणसे. त्यांना शिकायला वेळ लागतो."