रब्बीचं ओव्हरक्लॉकिंग

लॅपटॉपच्या खोक्यात एक पातळ पुस्तिका येते. ती कुणी वाचत नाही. तिच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत बहुधा असं छापलेलं असतं की हे यंत्र 35 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालवावं. जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या मंडळींनी या ओळीचा अर्थ नीट लावून घ्यावा. होळी झाली की मृगाचा पाऊस पडेपर्यंत दुपारच्या वेळी तुमचा लॅपटॉप कंपनीच्या लेखी चालूच नसतो. प्रत्यक्षात तो चालू असतो, त्यावर गेम पळत असतो आणि मालकाच्या मनात येत असतं की ग्राफिक्स कार्डाचा वेग अजून जरा ताणावा. प्रस्तुत मार्गदर्शन अशा होतकरूंसाठी आहे.

आधी मुहूर्त. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे हा वेग ताणणं, हे रब्बीचं पीक आहे. दिवाळी आटोपली की पेरावं, माघात काढून मोकळं व्हावं. धुळ्यात थंडीची लाट आली की पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर येतो. त्या रात्री खिडकी उघडून, कानटोपी घालून बसलेल्या धुळेकराच्या कार्डाला जी हवा फुकटात मिळते, तिच्यासाठी मुंबईचा गेमर महिनाभर एसीचं बिल भरतो. अडचण एवढीच की त्या दिवसांत बारावीची प्रॅक्टिकल डोक्यावर असतात. सुट्टी लागते ती मे महिन्यात. ज्याने शाळांचं वेळापत्रक आखलं त्याने आयुष्यात कधी बेंचमार्क चालवला नसावा.

तरी मेमध्येच करायचं म्हणता? मग हिशेब बघा. चिप किती तापेल याचं गणित सरळ आहे: खोलीची हवा, अधिक चिपने स्वतः केलेली उष्णता. खोली 25 अंशांची असताना कार्ड 75 वर थांबत असेल, तर ते हवेपेक्षा 50 अंशांनी चढतं. आता खोली 42 ची धरा. बेरीज 92 येते. पण लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं कार्ड साधारण 87 च्या आसपास पोचलं की स्वतःच वेग उतरवतं. याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे तुम्ही वरून शंभर मेगाहर्ट्झ घालणार आणि ते खालून दोनशे काढून घेणार. उरलेलं ओव्हरक्लॉकिंग सूर्याने परस्पर केलेलं आहे, त्यात तुमचा हात नाही.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. लॅपटॉपवर वांग्याचं भरीत होत नाही. 87 अंशांत पाणीसुद्धा उकळत नाही, वांगं काय भाजणार? त्याला कपाशीच्या काड्यांचा जाळ लागतो.

आता थंडाव्याची सोय. खान्देशात या कामाला कूलर आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एप्रिल-मेमधली इथली हवा इतकी कोरडी असते की 44 अंशांची झळ ओल्या जाळीतून गेली की तिशीच्या आसपास उतरू शकते. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ती घेऊन जाते, एवढंच त्यातलं शास्त्र. ही करामत कोकणातल्या दमट हवेत चालत नाही, त्यामुळे रत्नागिरीच्या गेमरने हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. मात्र लॅपटॉप कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवू नये. कूलर हवेबरोबर तुषारही फेकतो आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार जिथे बसतात तिथे पांढरा थर धरतात. जाळीवर दिसतो तोच थर मदरबोर्डवर पाहण्याची हौस कुणाला नसावी. पाच-सहा फुटांवर, जरा तिरकं बसावं. समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते आणि कूलर नुसताच आवाज करतो.

फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या लॅपटॉपखाली ठेवण्याचा सल्ला शेजारचा मुलगा देईल. ऐकू नका. थंड धातूवर हवेतलं पाणी धरतं आणि ते नेमकं नको तिथे उतरतं.

जगातले विक्रमवीर कार्डावर द्रव नायट्रोजन ओततात, उणे 196 अंशांचा. हे वाचून निराश होण्याचं कारण नाही, कारण हा पदार्थ आपल्याकडेही आहे. कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या वीर्यकांड्या गुरांच्या दवाखान्यात त्यातच ठेवलेल्या असतात. तरीही तिथे थर्मास घेऊन जाऊ नये. म्हशीचा हक्क पहिला. शिवाय डॉक्टरांनी ‘जनावर कोणतं?’ म्हणून विचारलं तर काय सांगणार?

जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात खरा सुखी जीव म्हणजे केळं. रावेर-यावलच्या पट्ट्यातलं केळं पिकवणी केंद्रात जातं, तेव्हा त्याची खोली सोळा ते अठरा अंशांवर राखलेली असते. तिथे ओळख काढून बसावं असं कुणालाही वाटेल, पण त्या खोलीतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढे असते. केळ्याला ती मानवते. लॅपटॉपला नाही. बागेत उभ्या केळीचीही सोय आहे: हवामान आधारित फळपीक विमा योजनेत पारा ठरलेल्या अंशांच्या वर सलग ठरलेले दिवस राहिला तर शेतकऱ्याला भरपाई मिळते. ग्राफिक्स कार्डाला असा विमा नाही. त्याची वॉरंटी उन्हात गेलेल्या दिवसांकडे बघत नाही, आणि तुम्ही वेग वाढवल्याचं कळलं तर कंपनीचा माणूस तुमच्याकडेही बघत नाही.

प्रत्यक्ष कृतीपूर्वी साफसफाई. कापसाच्या मुलखात पंख्यात नुसती धूळ नसते, धुळीत तंतू असतात. त्यांची बारीक नमद्यासारखी पट्टी तयार होऊन ती तांब्याच्या पत्र्यांवर चिकटते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवावं, मोकळं फिरू देऊ नये. दोन-तीन वर्षं जुन्या यंत्राची थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती जाणत्याकडून बदलून घ्यावी. लॅपटॉपची मागची बाजू बाटलीच्या दोन झाकणांवर उचलली तरी पोटातून हवा ओढायला त्याला जागा मिळते. गादीवर ठेवून खेळणाऱ्याने पुढचं काही वाचू नये.

मग कार्डाचा वेग बदलणारा एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्रॅम उघडावा. त्यातली वीजमर्यादेची पट्टी लॅपटॉपवर बहुधा करडी दिसते, म्हणजे कंपनीने तिला कुलूप घातलेलं असतं. तिच्याशी झटू नये. कोअर क्लॉक पंचवीस मेगाहर्ट्झने वाढवावा, अर्धा तास गेम खेळावा, पुन्हा पंचवीस. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन किंवा विजेसारख्या रेघा दिसू लागल्या की पन्नास मागे यावं. मेमरीचा वेग वेगळा वाढवावा, दोन्ही एकदम नको, नाहीतर गेम बंद पडल्यावर दोष कुणाला द्यायचा ते कळत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी ऐकायला तुम्ही आला नव्हता. मे महिन्यात वेग वाढवायचा असेल तर व्होल्टेज कमी करा. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की एक चढती रेघ उघडते. एरवी एक व्होल्टवर मिळणारा वेग 0.85 व्होल्टवर मिळेल असा बिंदू उचलायचा, त्यापुढची रेघ आडवी करायची. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चालते, आणि 0.85 चा वर्ग 0.72 होतो. म्हणजे वेग तोच राखून पाव हिश्श्याहून जास्त वीज वाचली, आणि तेवढीच उष्णता. प्रत्येक चिप इतक्या कमीवर टिकत नाही, तेव्हा थोडं थोडं उतरावं. सोबत फ्रेमचा आकडा साठला बांधून टाकावा. मित्राला सांगताना मात्र याला ‘अंडरव्होल्टिंग’ म्हणू नये, ‘कर्व्ह ऑप्टिमाइज केला’ म्हणावं. इज्जत राहते.

घरच्यांचा भाग नाजूक आहे. घरातला एकमेव कूलर तुमच्या दिशेने वळला की आजी विचारणारच, “काय करी राह्यना रे भाऊ?” तेव्हा मेगाहर्ट्झ सांगू नये. अभ्यास म्हणावं. वडिलांसाठी मोठं उत्तर तयार ठेवावं: विप्रो 1945 साली आपल्याच अमळनेरला सुरू झाली, तीही वनस्पती तुपापासून. तुपातून संगणकाकडे जाता येतं हे वडिलांना मान्य करावं लागतं. गेममधून कुठे जाता येतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल. त्यावर या मार्गदर्शनात काही नाही.

राहता राहिली लाईट. ऐन दुपारी, तुमची सगळी जुळवाजुळव झाल्यावर ती जाईल. कूलर थांबेल, घरातले ओट्यावर जातील. पण लॅपटॉप बॅटरीवर आला की कार्डाला मिळणारी वीज आपोआप एकदम खाली येते आणि तापमान झरझर उतरतं. उन्हाळ्यातला सर्वांत देखणा आकडा तुम्हाला याच वेळी दिसेल. स्क्रीनशॉट तेव्हाच काढावा, फक्त कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र आणि फ्रेमचा आकडा कापून मग ग्रुपवर टाकावा.