काकू कुटुंबात बसत नाहीत

दिवाळी झाली की आम्ही नऊ जणांनी सिंगापूरला जायचं आणि तिथून चार रात्रींच्या क्रूझवर चढायचं, असं ठरलं. ठरल्याबरोबर आईने विचारलं, "आणि रद्द झालं तर?"

रत्नागिरीत असला प्रश्न कोणी अशुभ मानत नाही. इथे आंब्याला मोहोर आला की माणूस आधी तुडतुड्यांचा हिशेब मांडतो. तेव्हा बॅगा माळ्यावरून खाली यायच्या आत, न झालेल्या सहलीचे पैसे कोण देणार, यावर बैठक बसली.

संध्याकाळी विम्याचा एजंट आला. ओटीवर झोपाळ्यावर टेकला, अर्धा पेला कोकम सरबत संपवलं आणि म्हणाला, "काका, सगळं कव्हर आहे."

हे काका म्हणजे अण्णा, माझा थोरला भाऊ. निवृत्त तलाठी. उभं आयुष्य सातबारा वाचण्यात गेलेल्या माणसापुढे ‘सगळं’ हा शब्द कोणी वापरू नये. सातबाऱ्यात मालकाचं नाव ठळक दिसतं आणि खरी भानगड ‘इतर अधिकार’ या रकान्यात दडलेली असते, हे त्याला पाठ. अण्णाने चष्मा पुसला आणि पहिलं पान न वाचताच ओलांडलं. त्या पानावर मोठ्या निळ्या अक्षरांत वैद्यकीय खर्चाचे एक लाख डॉलर होते. ‘सहल रद्द’ चौदाव्या पानावर सापडली, मुंगीच्या टाइपात. पाचशे डॉलर.

पाचशे डॉलर म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये. आमचं बिल विमानासकट माणशी नव्वद हजार.

"म्हणजे अर्धाच माणूस रद्द होतो," अण्णा म्हणाला.

एजंटने उरलेलं सरबत एका घोटात संपवलं.

गंमत अशी की ‘विमा आहे ना?’ आणि ‘हो, आहे’ या दोन वाक्यांत बऱ्याच सहली उरकतात. सहल कंपनी ‘इन्शुरन्स इन्क्लुडेड’ म्हणते तेव्हा ती बहुतेक वेळा परक्या देशातल्या इस्पितळाबद्दल बोलत असते. तेही हवंच. जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये बिल फाडतो आणि आपल्या मेडिक्लेमचं कार्ड बघून हसतो. पण निघण्याआधीच पाय घसरला, तर त्याचं कलम वेगळं, मर्यादा वेगळी, कारणांची यादी वेगळी. शिवाय मिळतात ते फक्त अडकलेले पैसे. आमच्या बुकिंगच्या कागदावर साठ दिवस आधी रद्द केलं तर पंचवीस टक्के कापणार, तीस दिवस आधी पन्नास, आणि शेवटच्या पंधरवड्यात सगळेच गेले. जहाजवाल्याने ‘पुढच्या वेळी या’ म्हणून कूपन हातात ठेवलं, तर विमेवाला ते रोखीतच धरतो. तुमची ‘पुढची वेळ’ कधी यायची, हा त्याचा प्रश्न नाही.

खरी ठिणगी पडली ती अकराव्या पानावर. तिथे ‘निकटचे कुटुंबीय’ याची व्याख्या होती. नवरा, बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण, सासूसासरे. यांच्यापैकी कोणी गंभीर आजारी पडलं किंवा गेलं, तर सहल रद्द केल्याचे पैसे मिळणार.

अण्णाने यादी दोनदा वाचली. "काकू कुठायत?"

लांज्याच्या काकू सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि गेल्या आषाढापासून अंथरुणाला खिळल्यात. आई म्हणाली, "असलं बोलू नये." सगळे गप्प बसले, पण मनातल्या मनात प्रत्येकजण बोटं मोजत होता. उद्या बरंवाईट झालं तर आम्हाला दहा दिवसांचं सुतक. पिंडाला कावळा शिवायची वाट बघायची सोडून माणूस जहाजाच्या डेकवर चायनीज भेळ खातोय, हे भावकीत कोण खपवून घेईल? नवांपैकी आठ जणांना सुतक लागणार. बहिणीला नाही, तिचं लग्न झालंय. ती एकटी सिंगापूरला जाऊ शकते, आणि तिला ओळखणारे म्हणतील, जाईलही.

एजंट हुशार. म्हणाला, "काका, मग काकूंनाच बरोबर न्या ना. सहप्रवासी झाल्या की व्याख्येत बसतात."

काकूंनी अण्णाला न्हाऊमाखू घातलं, त्याची फी भरली, मॅट्रिकला गणितात नापास झाला तेव्हा त्याला वडिलांपासून माळ्यावर लपवलं. या सगळ्याने त्या कुटुंबात बसल्या नाहीत. तिकीट काढलं तर बसतील.

विमेवाल्याचा यात दोष नाही म्हणा. त्याची व्याख्या चार माणसांच्या फ्लॅटात बेतलेली, आणि आमच्या सहली रद्द व्हायची कारणं त्याच्या यादीत शोधून सापडायची नाहीत. शिमग्याला पालखी नेमकी त्याच तारखेला वाडीत येते. मुलाच्या साखरपुड्याचा मुहूर्त निघतो. वाटणीच्या दाव्याची तारीख पडते. आंबा पंधरा दिवस आधी तयार होतो आणि गडी मिळत नाही. साहेबाने रजा नाकारली हे कारणसुद्धा बहुतेक पॉलिसींत चालत नाही. नवऱ्या-बायकोत भांडण झालं हे तर नाहीच. आईचं ब्लडप्रेशर जुनं, म्हणून ते ‘आधीपासूनचा आजार’, म्हणून तेही बाहेर. साध्या तापाने भागत नाही, इस्पितळात दाखल व्हावं लागतं किंवा प्रवासाला नालायक असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. घरात आमच्या काही जणांना असा दाखला कायमचा मिळू शकतो, पण ते सोडा.

आमची भाची न्यू जर्सीला असते. तिने फोनवर सांगितलं की तिकडे ‘कुठल्याही कारणासाठी रद्द’ असं जादा कलम विकत मिळतं. हप्ता साधारण चाळीस-पन्नास टक्क्यांनी चढतो, पहिले पैसे भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्यावं लागतं, आणि परत मिळतात ते पन्नास ते पंचाहत्तर टक्के. पण कारण विचारत नाहीत. अण्णा बराच वेळ झोपाळ्याच्या कडीकडे बघत राहिला. सुतक मानणारा एक विमा जगात आहे, आणि तो अमेरिकेत आहे!

मग वादळाचं निघालं. इथे नियम मोठा मजेशीर आहे. वादळाचं बारसं झालं की त्या वादळापुरतं विम्याचं दुकान बंद. नाव जाहीर झालं म्हणजे संकट माहीत झालं, आणि माहीत असलेल्या संकटावर नवी पॉलिसी पैसे देत नाही. निसर्ग वादळाला २ जून २०२० ला नाव मिळालं आणि ३ जूनला ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. म्हणजे शहाणपण सुचायला जेमतेम एक दिवस. त्याच दिवशी आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज येऊन रुतलं. पुढे वर्षानुवर्षं लोक मुलाबाळांना घेऊन त्याच्यापुढे सेल्फी काढायला जात होते. वडापाव हातात, पाय वाळूत, मागे जहाज. रद्द व्हायची भीती नसलेली ती एकमेव कौटुंबिक क्रूझ.

बुकिंग झालं त्याच आठवड्यात विमा घ्या, असं म्हणतात ते वादळाचं बारसं व्हायच्या आत विमा हातात असावा म्हणून. प्रवासाच्या आदल्या दिवशी घेतलेली पॉलिसी रद्द व्हायच्या बाबतीत म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालण्यासारखं.

"रस्त्यात उशीर झाला आणि विमान चुकलं तर?" वहिनीने विचारलं.

हा प्रश्न फक्त कोकणातला माणूस विचारू शकतो. परदेश प्रवासाच्या बऱ्याच पॉलिसींत रद्द व्हायचं कलम सोडलं तर बाकीचा विमा देश सोडताना जागा होतो. रत्नागिरी ते मुंबई या अंतरात आपण देवाच्या भरवशावर. आणि खरं सांगायचं तर विमा अनिश्चित गोष्टींचा असतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. त्यावरचा उशीर अनिश्चित आहे असं कोणत्या तोंडाने म्हणणार? रेल्वेने जावं, तर ऑनलाइन तिकिटाबरोबर पंचेचाळीस पैशांत दहा लाखांचा विमा मिळतो, पण तो अपघातात मेल्यावर किंवा कायमचं अपंगत्व आल्यावर. गाडी रखडत रखडत सहा तास उशिरा पोचली आणि विमान सुटलं, तर ते पंचेचाळीस पैसे तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे प्रश्न पडले नाहीत. कोकणच्या बोटी होत्या तेव्हा पावसाळा आला की बोट बंद. समुद्र सगळ्यांचं एकदम रद्द करायचा आणि फॉर्म भरून घ्यायचा नाही. खवळलेला असला तर पडाव बोटीपर्यंत पोचायचाच नाही, मग रत्नागिरीच्या उतारूला पुढच्या बंदराचं दर्शन फुकट. आजचं जहाजही ठरलेलं बंदर वगळू शकतं. कप्तानाला तेवढा अधिकार तुम्ही न वाचता सही केलेल्या कागदात दिलेला असतो, आणि हुकलेल्या बंदराचे पैसे सहसा कोणी देत नाही. आणि बोट लागणं, ओकाऱ्या होणं, हे तेव्हाही ज्याचं त्याने निस्तरायचं होतं, आजही तसंच आहे.

रत्नागिरीत समुद्रमार्गे आलेली सर्वांत लांबलेली कौटुंबिक सफर इंग्रजांनी ब्रह्मदेशातून हद्दपार केलेल्या थिबा राजाची. राण्या, मुली, नोकरचाकर घेऊन १८८६ साली आला. राजवाडा १९१० ला मिळाला, आणि १९१६ साली इथेच गेला. परतीचं तिकीट शेवटपर्यंत निघालं नाही. अण्णाने मुद्दाम यादी बघून सांगितलं की युद्ध आणि सरकारी कारवाई दोन्ही वगळलेलं आहे, राजाला दमडी मिळाली नसती.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "त्यापेक्षा नवस बरा."

ती सहज बोलली, पण हिशेबाने बघितलं तर बरोबर आहे. नवसात हप्ता काम झाल्यावर भरायचा. सगळे सुखरूप परत आले तर नारळ, नाहीतर देव वसुलीला येत नाही. प्राचीन ग्रीक व्यापारी जहाज किंवा माल तारण ठेवून असंच कर्ज काढत: जहाज पोचलं तर मुद्दल आणि जबरी व्याज, बुडालं तर सगळं माफ. नवसच तो, देवाच्या जागी सावकार. आमच्या मिरकरवाडा बंदरातही सरकारी मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते, पण समुद्राशी करार होतो तो नारळी पौर्णिमेला, एका नारळावर, कागदाशिवाय. पान चौदा नाही, मुंगीचा टाइप नाही.

अखेर अण्णाने जे केलं ते असं. शंभर गोष्टींची पॉलिसी नाकारून रद्द व्हायची मर्यादा दीड हजार डॉलर असलेली घेतली, माणशी नव्वद हजार पुरते बसतील अशी. सहलीच्या पैशांचा शेवटचा हप्ता शेवटच्या तारखेलाच भरायचा ठरवलं, न भरलेला पैसा बुडत नाही म्हणून. एकच जण आजारी पडला तर खोलीतल्या दुसऱ्याचं काय, हे एजंटकडून लेखी मागितलं, कारण जहाजावर खोली दोघांच्या हिशेबाने विकतात आणि उरलेल्या एकट्याला दोघांचं भाडं पडू शकतं. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, आणि मग विमा लोकपाल, तिथे फी पडत नाही, हे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. एजंट जाताना "काका, सगळं कव्हर आहे" असं म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी भैरीच्या देवळात गेलो. गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. नऊ जणांची नावं, जायचं विमान, यायचं विमान, जहाज, पाणी, वारा, रस्ता. प्रत्येक वेळी आई "होय म्हाराजा" म्हणत होती. नावं संपल्यावर गुरव थांबला.

"आणखी कोन ऱ्हवला?"

"लांज्याच्या काकू," आई म्हणाली. "घरीच आहेत त्या. पण त्यांनापण घाला."

गुरवाने काकूंना घातलं.