नदीकाठानं, नदी सोडून

आमच्या सायकल क्लबाची रविवारची राईड ग्रुपवर जाहीर झाली, की पोस्टरवर ठळक अक्षरांत येतं : ‘कृष्णाकाठानं नरसोबावाडी’. खाली एक निळीशार वळणदार नदी, आणि तिला अगदी खेटून सायकल हाकणारा एक गोरापान तरुण. हे पोस्टर बनवणारा सांगलीचा नसणार. सांगलीचा माणूस नदीला खेटून काहीही करत नाही.

आमच्याकडं नदी फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी 40 फूट झाले, की सामान माळ्यावर जातं. 45 ला धोक्याची पातळी. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा बऱ्याच घरांत माळ्यावरचं सामान आणि माळा यांच्यात काही फरक राहिला नव्हता. अशा नदीशी रस्तेही अदबीनं, चार हात लांबून वागतात. मधल्या काळ्या रानात ऊस उभा. त्यामुळं सांगली सोडल्यावर कृष्णा दिसते ती अंकलीच्या पुलावर, आणि नंतर एकदम नरसोबावाडीच्या घाटावर. मधल्या वेळात डावीकडं ऊस, उजवीकडं ऊस, आणि समोर दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर, त्यातही ऊस.

सांगलीतल्या विश्रामबागला पहाटे साडेपाचला जमायचं असतं. म्हणजे सहाला निघायचं असतं. डॉक्टर मंडळी मात्र वेळेवर येतात. शेजारी मिरज असल्यामुळं आमच्या क्लबात डॉक्टरांचा तुटवडा कधीच नसतो; त्यातले हाडांचे डॉक्टर सगळ्यांची पेडल मारायची पद्धत इतक्या प्रेमानं न्याहाळत असतात, की माणसानं आपोआप गुडघा झाकावा.

क्लबाचा नियम एकच : कुणालाही मागं टाकायचं नाही. यासाठी सगळ्यांत शेवटी एक ‘स्वीपर’ असतो आणि तो सगळ्यांत दमदार गडी असावा लागतो. सध्या हे काम दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेतल्या लांब राईड, मारलेल्या एका तरुण इंजिनिअरकडं आहे. त्याच्या पुढं असतात आमचे निवृत्त सर. सरांचा वेग विषयावर ठरतो. जयसिंगपूर आलं, की ते पाय टेकतात आणि शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं हे गाव कसं वसवलं, रस्ते कसे काटकोनात आखले, हे हात करून दाखवतात. इंजिनिअरनं हे रस्ते इतक्या वेळा ऐकलेत, की त्याला डोळे बांधून सोडलं तरी तो पेठेतून बिनचूक बाहेर पडेल. पण सर थांबले की त्यानं थांबायचं, हा नियम. घड्याळात त्याच्या नाडीचे ठोके बसल्याजागी वाढताना मी बघितलेत.

शिरोळच्या अलीकडं कारखान्याचा वास येतो. गळीत हंगामातला हा गोडसर, आंबूस वास बाहेरच्या माणसाला सोसत नाही. आम्हाला त्यानं भूक लागते. इथंच एकदा रात्रपाळी संपवून निघालेले एक मामा काळ्या, दांडीच्या सायकलवरून आमच्या बरोबरीला आले. डोक्याला मफलर, हँडलला डबा, चेन करकरत होती. आम्ही वाऱ्याला चुकवत एकामागं एक वाकून चाललेलो. मामांनी आमची अख्खी रांग, हेल्मेट, गॉगल, मागच्या खिशातली केळी नीट बघून घेतली.

“कुठं निघाला म्हणायचं?”

“वाडीला.”

“मग? यष्टी चुकली व्हय?”

आणि घंटी वाजवून पुढं निघून गेले. पुढची दोन किलोमीटर कुणी वेगाविषयी बोललं नाही.

वाडीत पोचल्यावर पहिला प्रश्न देवाचा नसतो, सायकलींचा असतो. पंधरा सायकली आणि एकीलाही स्टँड नाही. स्टँडनं वजन वाढतं ना! मग त्या पेढेवाल्याच्या भिंतीला एकीवर एक रेलून ठेवाव्या लागतात. पेढेवाल्यानं एकदा त्यातल्या एकीची किंमत विचारली, खाली वाकून बघितलं आणि खऱ्या कळवळ्यानं म्हणाला, “एवढं पैसे घेऊन स्टँड दिला नाही? फसवलं की वो तुम्हाला.”

दुसरा प्रश्न चड्डीचा. सायकलीची चड्डी ही खोगिरावर बसायला अतिशय सोयीची आणि देवळात उभं राहायला अतिशय गैरसोयीची. मागं गादी असते, बाकी सगळं अंगाला चिकटलेलं. घाट उतरताना समोरून प्रसादाचं ताट घेऊन आजीबाई आल्या, की आमचे बहाद्दर एकदम निसर्ग बघायला लागतात. बँकेतले काका तेवढे शहाणे. ते जर्सीच्या खिशातून घडी घातलेलं धोतर काढतात, झटक्यात गुंडाळतात आणि हेल्मेटसकट रांगेत उभे राहतात.

घाटावर मात्र कृष्णा सापडते. पंचगंगा इथं तिला येऊन मिळते. नृसिंह सरस्वतींचा मुक्काम या संगमावर बारा वर्षं होता असं सांगतात. पावसाळ्यात पाणी मनोहर पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा त्या स्नानासाठी मुद्दाम लोक येतात. पूर येण्याची वाट बघणारं आमच्या भागातलं हे एवढंच ठिकाण असावं. सर हे सगळं सांगत असतात. ऐकणारे हळूहळू कमी होतात, कारण वर बासुंदी सुटलेली असते.

यापुढचा भाग वैद्यकीयदृष्ट्या नाजूक आहे. आमच्यातले एकजण दोनशे ग्रॅम हलकी चाकं मिळावीत म्हणून दोन महिन्यांचा पगार घालून बसलेत. तेच गृहस्थ बासुंदीच्या दोन वाट्या संपवून किलोभर पेढे, कवठाची बर्फी आणि शेवटी रस्त्याकडेच्या मावशींकडून दीड किलो वांगी घेतात. कृष्णाकाठची वांगी म्हटल्यावर वजनाचा विचार कोण करणार? हृदयरोगतज्ज्ञ त्या वेळी पाठ करून उभे असतात. पाठ करून ते काय खात असतात, ते आम्ही विचारत नाही.

एकदा परतीच्या वाटेवर त्या गृहस्थांच्या जर्सीचे तिन्ही खिसे वांग्यांनी टरारलेले होते. अंकलीच्या पुलावर मागनं ट्रॅक्टरवाला ओरडला, “ओ सायकल! वांगी सांडली तुमची!” पंधराच्या पंधरा ब्रेक एकदम लागले. मग पुलाच्या कडेनं हेल्मेटवाले डॉक्टर, इंजिनिअर आणि धोतर सोडून पुन्हा चड्डीवर आलेले काका वांगी गोळा करत होते, आणि ट्रॅक्टरवाला मागची वाहनं अडवून कौतुकानं बघत होता. हाडांच्या डॉक्टरांनी प्रत्येक वांगं दाबून, देठ हलवून तपासलं. दोन फ्रॅक्चर निघाली. या गडबडीत एकूण अंतर पन्नासला थोडं कमी भरलं, म्हणून इंजिनिअर घराजवळच्या चौकात गोल गोल फिरत राहिला तो वेगळाच.

त्या दिवशी मीही चार वांगी घेतली होती. घरी पोचलो, हेल्मेट काढलं, घड्याळातला सरासरी वेग दाखवायला हात पुढं केला. बायकोनं हातातली पिशवी घेतली, आत बघितलं आणि विचारलं, “चारच? यात भरीत व्हायचं की भरली वांगी?”