कात्री कोणाच्या हाती

निरोपसमारंभात मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता वेळच वेळ आहे, मग घड्याळ कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. आज ते बागेतल्या पत्र्याच्या खोलीत टांगलंय.

साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे, वडिलांची वीस गुंठे जमीन पडून होती. तिथे द्राक्षं लावायची असं आम्ही दोघांनी ठरवलं. म्हणजे मी म्हणालो आणि हिने नाही म्हटलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात यालाच ठरवणं म्हणतात.

मांडवाचे खांब उभे राहताना बांधावरच्या शेजाऱ्याने विचारलं, "जिभाऊ, साठीमा द्राक्षं लाई राह्यनात? खाई कोन?"

प्रश्न रास्त होता. आमचे व्याही यावलकडचे, पिढीजात केळीवाले. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ते घरातल्या फणीकडेही पोरगं कलेक्टर झाल्यासारखे बघतात. त्यांचं म्हणणं सरळ, "कंद लावा, वर्षभरात घड कापा, मोकळे व्हा. द्राक्षाच्या मागे पंधरा वर्षं कोण बसेल?" एकसष्ट अधिक पंधरा ही बेरीज मी मनात केली, कागदावर नाही. नोकरी हिशेबखात्यात गेली. कोणती बेरीज कागदावर आणू नये, एवढं कळतं.

मुंबईच्या मेव्हण्याने फोनवर पहिला प्रश्न केला, "वाईन कधी?" द्राक्षबाग म्हटलं की यांना नाशिकचं गंगापूर धरण नि हातातला पेलाच दिसतो. आमची थॉमसन, खायची. पेटीत भरायची. पेल्याचा संबंध नाही.

पहिलं वर्ष नुसतं मुळांचं. खाली डॉगरिजचा खुंट लावायचा, हा मूळचा टेक्सासचा. पाणी कमी असो, खारं असो, तक्रार नाही. पावसाळा सरता सरता त्यावर थॉमसनची काडी भरायची. कलम बांधणारा पट्टी आवळताना म्हणाला, "खालच्याने सोसायचं, वरच्याने मिरवायचं." मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याचकडे पाहत होती. दोघांनाही आपणच डॉगरिज वाटत होतो.

द्राक्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. एप्रिलात वेल पार बोडका करतात, वर धुळ्याचं ऊन. ते पाहून मला भडभडून आलं होतं. पण हिवाळ्यात लोंबणारा घड त्या उन्हाळ्यातच नव्या काडीच्या डोळ्यात धरलेला असतो. हे वाचून मी इतका हरखलो की आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत सुटलो. मजूर बाया ऐकून घेत. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

खरी परीक्षा विरळणीची. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की बारीक कात्रीने घडातले निम्मेअधिक मणी काढून टाकायचे. शंभर-सव्वाशे ठेवायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. मी एक घड डाव्या तळव्यावर घेतला, चष्मा सारखा केला. हा हिरवा तुकतुकीत, याला कसा काढू? तो आतला बिचारा दाटीत सापडलाय, त्याचा काय दोष? अर्ध्या तासात माझे चार घड झाले आणि चारही आधी होते तसेच दिसत होते. ही मात्र शेजारच्या ओळीतून कचाकच पुढे. एकेक पाकळी उडवत, घड किंचित फिरवत, खालचं टोक खुडत. प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं वह्या तपासलेला हात तो. "तुमचं सगळं आयुष्य फायली सांभाळण्यात गेलं," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्हाला काही टाकवत नाही. माळ्यावरचे डबे तेवढ्यासाठीच आहेत." तेव्हापासून कात्री तिच्याकडे. माझ्याकडे ठिबकच्या नळ्या, डाऊनी नि भुरीच्या फवारण्यांची वही, आणि डबे.

जानेवारीत पारा घसरला. पाणी उतरू लागलेला मणी अशा थंडीत तडकतो. म्हणून लोक पहाटे ठिबक सोडतात, बागेत शेकोट्या करतात. घड्याळात पावणेचार. दोघं कानटोप्या घालून ओळीओळीत पऱ्हाट्या पेटवत फिरलो. धूर मांडवाखाली साचला, डोळे चुरचुरले. मी विजेरीने घड तपासत होतो. एक तडकलेला सापडला, तो मी गुपचूप खिशात घातला.

वळून पाहतो तर ही शेकोटीशी उकिडवी बसलेली. व्याह्यांनी पाठवलेल्या पिशवीतली हिरवी भरिताची वांगी तिने टोचे मारून विस्तवावर ठेवली होती.

"पऱ्हाट्या तशाही जळणारच होत्या," ती म्हणाली. "मिरच्या आणल्यात का?"

आणल्या नव्हत्या. कळण्याची भाकरीही घरीच होती. मी मोटारसायकलला किक मारली.